इमॅझालिल निकामी ठरल्यानंतर : संत्र्यांच्या एका पॅकहाऊसमधील हिरव्या बुरशीचे प्रकरण

हे प्रकरण संत्र्यांच्या एका पॅकहाऊसचे आहे. ते कोणत्याही एका संस्थेचा इतिहास म्हणून मांडलेले नाही. लिंबूवर्गीय फळांच्या काढणीनंतरच्या हाताळणीत जी परिस्थिती पुनःपुन्हा उद्भवते, ती येथे एका छपराखाली आणून तपासली आहे, आणि जे आकडे दिले आहेत ते बुरशी, फळाची साल व वनस्पतींची तेले यांविषयीच्या प्रस्थापित ज्ञानातून घेतले आहेत.

परिस्थिती अशी. बागेतून आलेली संत्री क्रेटमधून पट्ट्यावर ओतली जात, ब्रशांखाली धुतली जात, इमॅझालिल या संश्लेषित बुरशीनाशकाच्या द्रावणातून काढली जात, त्यांवर मेणाचा पातळ थर चढे, प्रतवारी होई आणि भरलेल्या पेट्या शीतगृहात जात. अनेक हंगाम ही साखळी बिनतक्रार चालली. मग पोहोचलेल्या पेट्या उघडताना हिरवी पडलेली फळे सापडू लागली आणि त्यांच्या शेजारची चांगली फळेही हिरव्या भुकटीने माखलेली दिसू लागली. टाकीतील औषधाची मात्रा वाढवून पाहिली, फळे द्रावणात जास्त वेळ ठेवून पाहिली, तरी सड हटेना. त्याच सुमारास खरेदीदाराने फळावरील औषधाचे अवशेष कमी करण्याची अट घातली. अशा दुहेरी कोंडीत व्यवस्थापकांनी संश्लेषित बुरशीनाशक पूर्णपणे सोडून त्याच टाकीत वनस्पतिजन्य तेल वापरायचे ठरवले. या निर्णयामागील तळमळ मला मनापासून पटते. परंतु एका बाटलीच्या जागी दुसरी बाटली ठेवण्याच्या कल्पनेवर तो उभा होता, आणि या प्रकरणातील बहुतेक अडचणी त्या एका कल्पनेतूनच निर्माण झाल्या.

रोगाची ओळख

संत्र्यावरची हिरवी बुरशी म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम. अखंड सालीतून तिला आत शिरता येत नाही. तिला जखम लागते, आणि ती जखम एक-दोन मिलिमीटरची असली तरी पुरते. कात्रीचे टोक, शेजारच्या फळाचा तुटका देठ, क्रेटच्या तळातला वाळूचा खडा किंवा तोडणाऱ्याचे नख, यांपैकी काहीही त्यासाठी पुरेसे आहे. सालीतील तैलग्रंथी फुटून आतल्या पांढऱ्या भागापर्यंत चीर गेली की पाझरलेल्या रसात बीजाणूला पाणी आणि अन्न दोन्ही मिळते. साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाला पहिल्या ४८ तासांत बुरशी आत पाय रोवते, आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास पहिले चिन्ह दिसते.

ते चिन्ह नीट पाहण्यासारखे असते. सुरुवातीला केवळ एक पाणीदार, किंचित फिकट डाग असतो. रंगात फरक इतका कमी की प्रतवारीच्या पट्ट्यावर तो नजरेतून सहज निसटतो. त्यावर अंगठा हलकेच दाबला, तर बाजूची साल घट्ट लागते आणि डागाच्या जागी अंगठा आत जातो. दुसऱ्या दिवशी डाग दोन-चार सेंटिमीटरचा होतो आणि मध्यावर पांढरे तंतू धरतात. त्यानंतर त्या पांढऱ्या चकतीच्या मध्यभागी शेवाळी हिरवा रंग उमटतो, कडेने पांढरी किनार राहते आणि तिच्याही बाहेर मऊ पाणीदार कडे असते. या अवस्थेतील फळ उचलले की हिरवी धूळ हवेत उठते. अशा एका फळावर शंभर ते दोनशे कोटी बीजाणू असू शकतात. एक कुजके फळ पट्ट्यावरून एकदा जरी गेले, तरी ब्रश, मेणाचे फवारे, पेट्या आणि कामगारांचे हातमोजे या सर्वांना बीजाणू लागतात, ही गोष्ट पुढे वारंवार लक्षात ठेवावी लागेल.

निळी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम इटॅलिकम, हिची जवळची नातेवाईक. ती सावकाश वाढते, पण थंडीला कमी घाबरते आणि पेटीत एका फळातून लगतच्या फळात पसरते. लांबच्या साठवणीत तिचा हिस्सा वाढतो. प्रस्तुत पॅकहाऊसमध्ये मुख्य त्रास हिरवीचाच होता.

औषध का चालेनासे झाले

इमॅझालिल हे बेल्जियममधील यान्सेन या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेले संयुग. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार करण्याच्या मार्गातील एक विकर ते अडवते. म्हणजे त्याचा मारा एकाच जागी होतो. ज्या बुरशीत हे विकर नेहमीपेक्षा फार जास्त प्रमाणात बनते, तिच्यातील काही विकर औषधाने अडले तरी उरलेले काम चालू ठेवते. हिरव्या बुरशीच्या प्रतिरोधक वाणांत नेमके हेच आढळले आहे. त्या विकराच्या जनुकाच्या आधी येणारा १२६ अक्षरांचा डीएनएचा तुकडा संवेदनशील बुरशीत एकदाच असतो, तर प्रतिरोधक बुरशीत तो ओळीने ५ वेळा आलेला असतो आणि त्यामुळे ते जनुक सुमारे शंभरपट जोमाने काम करते. त्याआधीचे थायाबेंडाझोल हे औषध बुरशीच्या पेशीविभाजनातील एका प्रथिनाला चिकटते, आणि त्या प्रथिनातील एका अमिनो आम्लाचा बदल त्याला निष्प्रभ करण्यास पुरेसा ठरतो.

हे समजले की मात्रा वाढवण्याचा उपाय का फसला ते उलगडते. प्रतिरोधक बीजाणू बाहेरून आलेला नसतो. तो त्याच छपराखाली निवडला जातो. औषध लागलेले फळ कुजते तेव्हा त्यावर जे बीजाणू धरतात ते औषधाला पुरून उरलेल्या बुरशीचेच असतात. तेच हवेतून क्रेटवर बसतात, क्रेट बागेत जातात, नव्या फळांना ओरखडे पाडतात आणि पुन्हा त्याच टाकीत येतात. या पॅकहाऊसमध्ये बाजारातून परत आलेला कुजका माल धुण्याच्या पट्ट्यापासून काही पावलांवर उपसला जात होता. औषध टाकीत वाढत होते आणि बुरशी पलीकडच्या ढिगावर पिकत होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

येथे व्यवस्थापकांनी एक गोष्ट आधी करायला हवी होती, आणि ती स्वस्त व सोपी आहे. बटाटा-डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवण्याच्या माध्यमाच्या काही पेट्री ताटल्या इमॅझालिल घालून आणि काही त्याविना तयार करायच्या, त्या पॅकहाऊसमध्ये ठराविक मिनिटे उघड्या ठेवायच्या आणि चार-पाच दिवसांनी दोन्हींवरील वसाहती मोजायच्या. दोन्ही संख्या जवळपास सारख्या निघाल्या, तर तेथील बुरशी औषधाला जुमानत नाही हे कळते. ही मोजणी नसेल, तर पर्यायी उपाय चालला की हवामान थंड झाल्याने सड कमी झाली, हे कधीच सांगता येत नाही.

पहिला प्रयोग आणि त्याचे अपयश

निवड ओव्याच्या तेलाची झाली आणि ती निराधार नव्हती. ओवा आणि थाईम या दोन्हींच्या तेलांत थायमॉल हे संयुग भरपूर असते. ओव्याचे फूल म्हणून जे पांढरे स्फटिक ओळखले जातात ते तेच. थायमॉल, त्याचे समरूप कार्व्हॅक्रॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीच्या सालीतील सिनॅमाल्डिहाइड आणि गवती चहातील सिट्रल ही पाच नावे या विषयात सर्वांत जास्त वेळा येतात. थायमॉलसारखे स्निग्धप्रेमी रेणू बुरशीच्या पेशीपटलात शिरून ते विस्कटतात, आतील पोटॅशियम व इतर द्रव्ये बाहेर झिरपतात आणि ऊर्जानिर्मिती कोलमडते. मारा एका विकरावर नसून पूर्ण पटलावर असल्याने प्रतिरोध लवकर उभा राहणे अवघड असते, आणि इमॅझालिलला न जुमानणारी बुरशीही अशा तेलापुढे सहसा टिकत नाही. पेट्री ताटलीत तर हे तेल स्पष्टपणे जिंकते.

परंतु ताटलीतील अगार आणि संत्र्याची जखम यांत मोठे अंतर आहे. थायमॉल पाण्यात लिटरमागे जेमतेम १ ग्रॅम विरघळते. टाकीत ओतलेले तेल वर तरंगले. पट्ट्यावरच्या काही फळांना त्याचा जाड तवंग लागला, बाकीची फळे जवळपास साध्या पाण्यातूनच गेली. ज्या फळांना तवंग लागला त्यांच्या सालीवर दुसऱ्या दिवशी तपकिरी, किंचित खोलगट चट्टे उमटले, कारण जो रेणू बुरशीचे पेशीपटल विस्कटतो तो सालीच्या पेशींनाही ओळखपाळख दाखवत नाही. शिवाय भाजलेली साल म्हणजे बुरशीला नवे दार. पायसीकारक घालून दुसऱ्या खेपेला तेल पाण्यात नीट मिसळले, तेव्हा चट्टे कमी झाले, पण सडही फारशी कमी झाली नाही. तेल जखमेपर्यंत पोहोचण्याआधीच सालीवरील मेणात मुरले, ब्रशांनी पुसले गेले आणि वाळवणीच्या गरम हवेत उडून गेले. फळांना मात्र तीव्र वास राहिला.

वेळेचा मुद्दा याहून मोठा होता. फळे तोडणीनंतर दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवशी पट्ट्यावर येत. तोवर जखमेतील बुरशी सालीच्या आत उतरलेली असते. इमॅझालिलला आत मुरण्याची काही क्षमता असल्याने नुकताच जडलेला संसर्ग ते थोपवू शकते, म्हणून त्याच्या जोरावर हा उशीर वर्षानुवर्षे खपून गेला. तेलाला ती सवलत नाही. अठ्ठेचाळीस तासांनी वरवर लावलेले तेल म्हणजे वरातीमागून घोडे.

आणखी एक उणीव पेट्या उघडल्यावर कळली. इमॅझालिलचा अवशेष सालीवर टिकतो, आणि फळ कुजलेच तरी संवेदनशील बुरशीला त्यावर बीजाणू धरणे कठीण जाते. म्हणून शेजारची फळे स्वच्छ राहतात. तेल उडून जाते, आणि उडून जाणे हाच तर अवशेषांच्या दृष्टीने त्याचा गुण. त्यामुळे तेल लावलेल्या मालात कुजलेले प्रत्येक फळ पूर्ण हिरवे झाले आणि पेटीभर भुकटी पसरली. अवशेष नको आणि अवशेषाचे काम मात्र हवे, या दोन मागण्या एकाच वेळी करता येत नाहीत. या पेचावर तेलात उत्तर नाही, ते स्वच्छतेत शोधावे लागते.

सालीत आधीच असलेले औषध

या प्रकरणाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो येथे सुरू होतो. वनस्पतिजन्य बुरशीनाशकाचा शोध घेताना आपण लवंगेकडे, ओव्याकडे आणि दालचिनीकडे पाहतो, पण समोर ठेवलेले संत्रे हीसुद्धा एक वनस्पतीच आहे, आणि तिच्या सालीत स्वतःचे रसायनशास्त्र चालू असते.

संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीनचा असतो. हे तेल वनस्पतिजन्य आहे, सुवासिक आहे आणि सहज मिळते. म्हणून तेच संत्र्यांना लावावे अशी सूचना एका बैठकीत आली. परंतु हिरव्या बुरशीने या फळाशी जुळवून घेतलेले आहे. जखमेतून सुटणारा लिमोनीनसह इतर द्रव्यांचा वास हा तिच्या बीजाणूंना उगवण्याचा इशारा ठरतो. दुसऱ्या अनेक बुरशींना जे त्रासदायक, ते हिला आमंत्रण. त्याच सालीतील सिट्रल मात्र तिला रोखते. हिरव्या, कोवळ्या लिंबाच्या सालीत सिट्रलचे प्रमाण जास्त असते, फळ पिवळे होत जाते आणि साठवणीत जुने होते तसे ते घटते, आणि त्याच क्रमाने फळाची सडीला तोंड देण्याची ताकदही कमी होते. एकाच सालीत बोलावणारा आणि अडवणारा असे दोन्ही रेणू शेजारी-शेजारी आहेत. ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाने पदार्थाचे मूळ कळते, त्याचे काम कळत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

सालीचे तेल फळालाच कसे भाजते हेही बागेत पाहायला मिळते. पहाटे दवात, साल पाण्याने टच्च भरलेली असताना फळ तोडले, तर तैलग्रंथी हलक्या दाबानेही फुटतात आणि बाहेर आलेले तेल भोवतालच्या पेशी मारते. ग्रंथी उठून दिसतात, मधली साल खोलगट होते आणि डाग पडतो. पहिल्या प्रयोगातील चट्टे आणि हे डाग एकमेकांसारखे दिसावेत यात नवल नाही. कारण सारखेच आहे. तोडणी ऊन वर येईपर्यंत, साल थोडी सैलावेपर्यंत थांबवली, तर जखमांची संख्या पहिल्याच टप्प्यावर घटते.

सालीची दुसरी शक्ती जखम झाल्यानंतर जागी होते. फळ ३० ते ३७ अंश तापमानात आणि ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत सुमारे ३ दिवस ठेवले, तर जखमेच्या कडेच्या पेशींत लिग्निनसारखा कठीण पदार्थ साचतो आणि स्कोपॅरोनसारखी बुरशीविरोधी संयुगे तयार होतात. या तापमानाला हिरवी बुरशी मंदावते, पण संत्र्याची साल काम करत राहते. म्हणजे दोघांच्या शर्यतीत बुरशीच्या पायात बेडी अडकवून सालीला पुढे जाऊ दिले जाते. या उपचाराला क्युअरिंग म्हणतात. जखम भरणे असा त्याचा सरळ अर्थ घेता येईल. यात बाहेरून एकही थेंब औषध घातले जात नाही, तरीही जे घडते ते शब्दशः वनस्पतिजन्य संरक्षण आहे.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उष्णतेला इंधन लागते, तीन दिवस खोली अडकते, आर्द्रता कमी पडली तर फळ वजन गमावते आणि मलूल दिसू लागते, आणि प्रमाणाबाहेर तापवलेल्या फळाची चव बिघडते. शिवाय क्युअरिंगनंतर पट्ट्यावर पडलेल्या नव्या जखमेला त्याचा लाभ मिळत नाही. मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्या पॅकहाऊसना हा उपचार जड जातो, याचे कारण उघड आहे.

दुसरी रचना

पहिल्या अपयशानंतर प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडला गेला. इमॅझालिलच्या जागी काय घालायचे, हा प्रश्न मागे ठेवला गेला. इमॅझालिल एकट्याने कोणकोणती कामे करत होते आणि त्यांतील प्रत्येक काम आता कोण करणार, हा प्रश्न पुढे आला. कामे चार निघाली : जखमेतील ताजा बीजाणू मारणे, आत शिरू लागलेली बुरशी थोपवणे, पेटीत पुढे संरक्षण टिकवणे आणि कुजलेल्या फळावर बीजाणू धरू न देणे.

पहिल्या दोन कामांसाठी वेळापत्रक बदलले. तोडलेली फळे त्याच दिवशी, निदान २४ तासांच्या आत, गरम आणि दमट खोलीत आणली गेली. तेलाचा वापरही तेथेच हलवण्यात आला, आणि द्रवरूपाऐवजी बाष्परूपात. ही सुधारणा साधी दिसते, पण तिच्यामागे तेलाच्या स्वभावाची समज आहे. उडून जाणे हा टाकीतील दोष बंद खोलीत गुण ठरतो. बाष्प जखमेच्या चिरेत आपोआप शिरते, पायसीकारक लागत नाही आणि द्रव तेलापेक्षा कमी मात्रेत काम भागते. सफरचंदांच्या शीतगृहांत लवंग तेल उष्ण धुक्याच्या रूपात सोडण्याची पद्धत युरोपात याच तत्त्वावर व्यवहारात आलेली आहे.

खोलीतही एक फजिती होता होता टळली, आणि ती सांगण्याजोगी आहे. चाचणीच्या पहिल्या दिवशी थंड फळे थेट गरम खोलीत ठेवून लगेच बाष्प सोडले. फळांवर घाम यावा तसे थेंब जमले, आणि त्या थेंबांत थायमॉल उतरले. थायमॉल साधारण ५० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून त्याहून थंड पृष्ठभागावर ते पुन्हा स्फटिक होऊन बसते. पंख्याच्या पात्यांवर आणि भिंतीच्या धातूच्या पट्टीवर बारीक पांढऱ्या सुया दिसल्या. वेळीच खोली उघडून हवा खेळवल्याने फळे वाचली. त्यानंतर क्रम ठरून गेला : आधी फळांच्या गाभ्याचे तापमान खोलीइतके होऊ द्यायचे, साल कोरडी असल्याची खात्री करायची, मग बाष्प सोडायचे, पंख्याने ते सर्व क्रेटपर्यंत न्यायचे आणि ठरलेल्या वेळेनंतर ताज्या हवेने खोली धुऊन काढायची. मेण या सर्वांनंतर. आधी मेण लावले तर बाष्पाला जखमेपर्यंत वाट राहत नाही आणि मेणातच मुरलेला वास फळाबरोबर ग्राहकापर्यंत जातो.

तिसऱ्या कामासाठी, म्हणजे टिकाऊ संरक्षणासाठी, न उडणारा वनस्पतिजन्य पदार्थ हवा होता. येथे डाळिंबाच्या सालीचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क विचारात घेतला गेला. त्यातील प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिने बीजाणूंवर थेट परिणाम करतात आणि फळाच्या स्वतःच्या प्रतिकाराला चेतवतात, असे इटलीतील संशोधनात लिंबूवर्गीय फळांसह अनेक फळांवर दिसून आले आहे. रस काढल्यानंतर टाकून दिली जाणारी साल यासाठी वापरता येते, ही जमेची बाजू. कोरफडीचा गर आणि कार्नोबा ताडाच्या पानांवरचे मेण हेही वनस्पतिजन्य आहेत आणि लेप म्हणून उपयोगी पडतात. परंतु लेप जाड झाला तर फळाला श्वास घेता येत नाही, आत अल्कोहोल साचते आणि चवीत आंबूसपणा येतो. कायटोसानचे नाव या यादीत अनेकदा गोवले जाते, पण ते कवचधारी जलचरांच्या टरफलांपासून किंवा बुरशीपासून मिळते, वनस्पतीपासून नव्हे.

चौथ्या कामाला वनस्पतिजन्य पर्याय सापडला नाही, आणि तसे अहवालात स्वच्छ लिहिले गेले. त्याऐवजी कुजका माल उपसण्याची जागा पॅकहाऊसच्या इमारतीबाहेर नेली, क्रेट प्रत्येक फेरीत क्लोरीनच्या पाण्याने धुतले जाऊ लागले, धुण्याच्या पाण्याचा सामू ७ च्या जवळ राखला गेला आणि आलेल्या मालातील कुजके फळ ब्रशांपर्यंत जाण्याआधीच वेगळे होऊ लागले. क्लोरीन मोकळे बीजाणू मारते, जखमेत बसलेले नाही. म्हणून ते उपचाराची जागा घेत नाही, पण उपचारावरचा भार कमी करते. खाण्याच्या सोड्याचे सुमारे ३ टक्क्यांचे कोमट द्रावणही जोडीला ठेवले गेले. तेही वनस्पतिजन्य नव्हे, आणि ते बुरशीला मारण्यापेक्षा रोखून धरते, तरी तेलाची लागणारी मात्रा त्यामुळे खाली आणता येते.

परीक्षा कशी घ्यावी

कोणताही निष्कर्ष काढण्याआधी तुलना प्रामाणिक असली पाहिजे. त्यासाठी एकाच बागेतील, एकाच दिवशी तोडलेली, सारख्या रंगाची फळे घेतली जातात, प्रत्येकाला १ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर खोल अशी एकसारखी जखम केली जाते आणि तीत मोजलेल्या संख्येचे बीजाणू सोडले जातात. हे बीजाणू त्या पॅकहाऊसमधूनच मिळवलेले असावेत, कारण प्रयोगशाळेत जपलेल्या संवेदनशील वाणावर इमॅझालिल अजूनही उत्तम चालेल आणि तुलना फसवी ठरेल. एका गटाला फक्त पाणी, एकाला नुसते गरम-दमट वातावरण, एकाला नुसते बाष्प, एकाला दोन्ही आणि एकाला इमॅझालिल असे विभाग करावे लागतात. तेल पाण्यात मिसळून वापरणार असाल, तर नुसत्या पायसीकारकाचाही एक गट हवाच. कित्येकदा चट्टे त्याचेच असतात.

उपचार जखमेनंतर दोन तासांनी केला आणि २४ तासांनी केला, तर उत्तरे फार वेगळी येतात. केवळ पहिलीच परीक्षा घेऊन तेलाचे गोडवे गाणारे निष्कर्ष मी पुष्कळ पाहिले आहेत. पॅकहाऊसला उपयोगी पडते ती दुसरी. मोजणी २० अंशांवर सातव्या दिवशी तर करावीच, शिवाय एक गट शीतगृहात पूर्ण साठवणकाळ ठेवून बाहेर काढल्यावर आणखी आठवडाभर पाहावा. उपचार संपताच दिसणारे यश कधीकधी निव्वळ लांबणीवर पडलेली सड असते. आणि फळ चाखून पाहावे. सालीचा वास निघून गेला असला, तरी सोलताना बोटांना लागलेला ओव्याचा वास फोडीला चिकटतो, हे यंत्राआधी जिभेला कळते.

तेलाची प्रत्येक खेप तपासावी लागते. एकाच जातीच्या थाईमच्या दोन पिकांपैकी एकाच्या तेलात थायमॉल भरपूर आणि दुसऱ्याच्या तेलात अगदी कमी असू शकते. माती, ऋतू, तोडणीची वेळ आणि वाणाचा रासायनिक प्रकार यांवर ते अवलंबून असते. म्हणून मात्रा तेलाच्या मिलिलिटरमध्ये न ठरवता त्यातील मुख्य संयुगाच्या वजनात ठरवणे श्रेयस्कर. कामगारांच्या सुरक्षेबद्दलही बेफिकिरी नको. थायमॉल, युजेनॉल आणि सिनॅमाल्डिहाइड डोळ्यांना व त्वचेला झोंबतात, वारंवारच्या संपर्काने काहींना त्यांची ॲलर्जी जडते, आणि दाट बाष्प पेट घेऊ शकते. स्वयंपाकघरात असणारा पदार्थ बंद खोलीत शेकडो पटींनी सोडला जातो तेव्हा त्याला औद्योगिक रसायनाचीच शिस्त लागते.

कायद्याच्या बाजूने चित्र संमिश्र आहे. युरोपीय संघाने २०१३ मध्ये युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल यांना पीक संरक्षणातील सक्रिय घटक म्हणून मान्यता दिली, आणि यीस्टच्या रिकाम्या पेशीभित्तिकांत भरलेले या तिघांचे मिश्रण द्राक्षांवरील राखाडी बुरशीसाठी वापरात आले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या किमान जोखमीच्या यादीत लवंग, दालचिनी, थाईम आणि गवती चहा यांची तेले आहेत. मात्र एका पिकावर उभ्या शेतात मिळालेली परवानगी दुसऱ्या फळावर काढणीनंतर आपोआप लागू होत नाही, आणि यादीत असणे म्हणजे कोणत्याही फळावर कोणत्याही मात्रेत वापरण्याची मुभा नव्हे. माल ज्या देशात जाणार तेथील नियम पाहूनच मिश्रण ठरवले गेले.

काय स्वीकारले, काय सोडले

जवळच्या बाजारात लवकर विकल्या जाणाऱ्या मालासाठी नव्या रचनेत इमॅझालिल पूर्णपणे वगळण्यात आले : त्याच दिवशी गरम खोली, थायमॉलचे बाष्प, सोड्याचे कोमट पाणी, डाळिंब-सालीचा अर्क मिसळलेले पातळ मेण, आणि लगेच थंडावा. कित्येक आठवडे जहाजाने प्रवास करणाऱ्या मालासाठी मात्र हाच मार्ग पुरेसा मानला गेला नाही. त्या मालाला वेगळ्या पद्धतीने काम करणारे संश्लेषित बुरशीनाशक कमी मात्रेत, हंगामातील ठराविक काळापुरते देण्याचे ठरले आणि इमॅझालिल निदान काही हंगाम बाजूला ठेवण्यात आले. रसायनाला पूर्ण सोडचिठ्ठी हवी असणाऱ्यांना हे अपुरे वाटेल. मला ते योग्य वाटते, कारण अर्ध्या प्रवासात कुजलेली पेटी म्हणजे तिच्यासाठी खर्च झालेले पाणी, खत आणि राबलेले हात या सर्वांची नासाडी, आणि ती नासाडीही निसर्गाच्याच खात्यावर पडते.

तोडणीच्या टोळीला दिलेल्या सूचना या सर्वांत कमी खर्चाच्या होत्या. कात्रीची टोके बोथट करून घेण्यात आली, देठ सालीलगत कापला जाऊ लागला, क्रेटचे तळ रोज झटकले गेले आणि दव असेपर्यंत झाडाला हात लावणे बंद झाले. पॅकहाऊसच्या दारात रंगीत पाण्याचे एक भांडे ठेवले आहे. प्रत्येक खेपेतील काही फळे त्यात बुडवून काढतात. जेथे सालीला चीर आहे तेथे रंग धरतो, आणि धुतल्यावरही तो ठिपका राहतो. गरम खोलीत त्या दिवशी किती बाष्प सोडायचे, हे ठिपके मोजल्यानंतर ठरते.